गिझर का रुसला?

शिबिर म्हटलं की तुम्हाला काय काय आठवतं? शेकोटी, गाणी, तंबूतल्या गप्पा, टिपूर चांदणं! मला मात्र आणखी एक गोष्ट आठवते. पहाटेची आंघोळ! डिसेंबरची थंडी, डोंगरावरून येणारा बोचरा वारा आणि पिंपातलं गारठलेलं पाणी. नुसतं बोट बुडवलं तरी दात कडकड वाजायला लागतात.

मागच्या हिवाळ्यात आमच्या कब-बुलबुलच्या मुलांना घेऊन आम्ही भंडारदऱ्याजवळ शिबिराला गेलो होतो. समोर कळसूबाई. 1646 मीटर उंचीचं, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर! एका पालकांनी आम्हाला एक छोटा गॅस गिझर दिला होता. हातात उचलून कुठंही नेता येईल असा. एका नळीने पाणी आत जायचं, दुसरीने सिलिंडरमधला गॅस. नळ उघडला की आपोआप पेट घेणार आणि गरम पाण्याची धार सुरू!

पहिल्या दिवशी मुलं टॉवेल खांद्यावर टाकून रांगेत उभी. मी ऐटीत नळ उघडला. गिझर गप्प! बंद केला, पुन्हा उघडला. तरी गप्पच.

"बाई, बिघडला वाटतं!" रांगेतून आवाज आला.

"बिघडला नाही, रुसलाय," मी म्हटलं. "तो का रुसला ते आपण शोधून काढू या."

शोधायचं म्हणजे आधी गिझरच्या पोटात काय चालतं ते माहीत हवं. नळ उघडला की पाणी आत शिरतं आणि एका रबरी पडद्याला ढकलतं. पडदा सरकला की एक बटण दाबलं जातं. मग बॅटरीच्या सेलवर ठिणग्या उडायला लागतात. टक् टक् टक्! त्याच वेळी गॅसची वाट उघडते आणि ज्योत पेटते. ज्योतीच्या वर तांब्याच्या नळीची वेटोळी असतात. त्यांतून पळता पळता पाणी तापतं. म्हणजे गिझरला हवं पाणी, हवी ठिणगी, हवा गॅस. अजून एक चौथी गोष्ट लागते. ती मी शेवटी सांगणार आहे, कारण तीच मला सगळ्यात उशिरा आठवली!

आता कान द्या. आमच्या गिझरचा टक् टक् आवाज येत होता का? नव्हता. म्हणजे ठिणगीच नव्हती. आम्ही सेल काढले, रात्रीच्या दवाने ओलसर झालेली टोकं कोरड्या फडक्याने पुसली, अधिक-उणे नीट पाहून पुन्हा बसवले. तरी गप्प! मग संशय पाण्यावर. गिझरच्या तोंडाशी बारीक जाळी असते. ती उघडून पाहिली तर गाळाने भरलेली. धुऊन बसवली. तरीही नाही!

तेवढ्यात चौथीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, पिंप खाली आहे आणि गिझर वर आहे. पाणी जोरात येईल कसं?"

शाबास! पिंप होतं जमिनीवर आणि गिझर टांगला होता माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर. नळीतल्या पाण्याला जोर जवळपास नव्हताच. तेवढ्या जोराने तो रबरी पडदा हलणार कसा? पाणी जितक्या उंचावरून येतं तितका त्याचा दाब जास्त. म्हणून तर आपल्या घराची टाकी गच्चीवर असते! शेजारीच भाताची खाचरं पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेली होती. आम्ही पिंप रिकामं करून दोन पुरुष उंचीच्या खाचरात नेलं, गावातून लांब नळी मागून आणली आणि बादल्यांनी पिंप पुन्हा भरलं. नळ उघडला आणि टक् टक् टक्! मुलांनी टाळ्याच पिटल्या.

पण ज्योत काही पेटेना. ठिणगी आहे, ज्योत नाही, म्हणजे आता पाळी गॅसची. सिलिंडर नुकताच जोडला होता, त्यामुळे नळीत हवा भरलेली. ती निघून जाईपर्यंत गॅस पुढे येत नाही. अशा वेळी एक चूक हमखास होते. माणूस चिडून पुन्हा पुन्हा नळ उघडतो. त्यात न जळलेला गॅस आजूबाजूला साचतो आणि मग एकदम भडका उडतो! म्हणून दोन-तीनदा प्रयत्न करायचा, नाही पेटलं तर सगळं बंद करून पाच मिनिटं थांबायचं. आमचा गिझर थांबून केलेल्या प्रयत्नात पेटला. छान निळी ज्योत!

दुसऱ्या दिवशी नवीनच रुसवा. दहा-बारा मुलांच्या आंघोळी झाल्या आणि ज्योत मंदावली. सिलिंडर संपला म्हणावं तर हलवल्यावर आत द्रव डचमळत होता. हात लावून पाहिला तर बाहेरून गारेगार, वर दवाचे थेंब! असं का झालं? इंजेक्शन देण्याआधी डॉक्टर दंडाला स्पिरिट लावतात तेव्हा गार वाटतं ना? स्पिरिट उडून जाताना तुमच्या कातडीची उष्णता घेऊन जातं. सिलिंडरमध्येही तसंच. आत गॅस द्रवरूपात असतो. त्याची वाफ होताना तो सिलिंडरचीच उष्णता घेतो. भराभर गॅस ओढला की छोटा सिलिंडर थंड पडतो आणि थंड सिलिंडरमधून गॅस कमी येतो. उपाय सोपा. थोडं थांबायचं. पाच मुलांच्या आंघोळी झाल्या की जरा विश्रांती. सिलिंडर आडवा करायचा नाही, त्याला शेक तर मुळीच द्यायचा नाही!

तिसऱ्या दिवशी पहाटे वारा सुटला. ज्योत पेटायची आणि फुर्रकन विझायची. मुलं कुडकुडत उभी. मला एक युक्ती सुचली. आंघोळीसाठी ताडपत्रीची बंद खोली केली होती. गिझर तिच्या आत टांगला की वारा लागणारच नाही! मी गिझर उचललासुद्धा. तेवढ्यात स्वयंपाकाच्या मावशी चुलीपासून उठून आल्या.

"अवो बाई, बंब कधी न्हाणीत पेटवत्यात का? आमचा बंब अंगणात पेटतो. जाळ भायेर, पाणी आत!"

मी तिथंच थबकले. मित्रांनो, ती चौथी गोष्ट म्हणजे हवा! जाळाला जळायला हवेतला ऑक्सिजन लागतो. बंद जागेत ऑक्सिजन कमी पडत जातो. मग गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं. पण हा वायू आला की ते ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे त्याला धरून ठेवतं. मग शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते, गुंगी येते. बंद न्हाणीघरात आंघोळ करणारं माणूस हाक मारायच्या आतच बेशुद्ध पडू शकतं. ताडपत्रीच्या त्या खोलीत मी एकेका मुलाला पाठवणार होते! आजही ते आठवलं की अंगावर काटा येतो.

नंतर मी गिझरच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचली. तिथं स्पष्ट लिहिलं होतं, फक्त उघड्यावर वापरा. ती मी आधीच वाचायला हवी होती. तुम्हाला परीक्षेत 'प्रश्न नीट वाचा' म्हणून सांगणारी मी!

हा धोका जुनाच आहे. 1868 मध्ये लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन याने गॅसवर झटपट पाणी तापवणारं यंत्र बनवलं आणि त्याला 'गिझर' हे नाव दिलं. आइसलँडमधले गरम पाण्याचे उसळते झरे आहेत ना, त्यांच्यावरून! पण त्याच्या यंत्राला जळका वायू बाहेर सोडणारं धुराडंच नव्हतं. त्यामुळे ते धोक्याचं ठरलं.

त्या दिवशी आम्ही गिझर बंदच ठेवला. मावशींच्या चुलीवर पाणी तापवलं आणि ऊन आल्यावर, नऊ वाजता आंघोळी केल्या. काहीच बिघडलं नाही.

मला त्या गिझरने एक धडा शिकवला. पाण्याला जोर नसेल तर तो पेटत नाही, ज्योत विझली तर गॅस तोडतो. तो रुसत नाही, राखण करतो! म्हणून तो बंद पडला तर कारण शोधायचं. त्याची राखण मोडून तो जबरदस्तीने चालवायचा नाही.

आता तुमचं काम. गिझर उघडणं, सिलिंडर जोडणं ही मोठ्यांची कामं. तुम्ही पाहा, ऐका, वास घ्या आणि लगेच सांगा. टक् टक् येतंय का? ज्योत निळी आहे की पिवळी? पिवळी, काजळी धरणारी ज्योत म्हणजे हवा कमी पडतेय. गॅसचा वास आला तर काडी ओढायची नाही, दिव्याचं बटण दाबायचं नाही. लांब उघड्यावर जायचं आणि मोठ्यांना सांगायचं. गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खोलगट जागी साचून राहतो.

आई-बाबांनो, गॅसगळतीसाठी 1906 आणि रुग्णवाहिकेसाठी 108 हे क्रमांक फोनजवळ लिहून ठेवा. गळती तपासायची ती साबणाच्या पाण्याने, बुडबुडे पाहून. काडी पेटवून कधीही नाही! गिझर चालू असताना कुणाचं डोकं दुखू लागलं, चक्कर आली तर आधी सर्वांना मोकळ्या हवेत आणा आणि मग डॉक्टरकडे न्या.

आणि मुलांनो, हे वाचून झाल्यावर एक काम नक्की करा. तुमच्या घरी, आजोळी, मावशीकडे गॅस गिझर असेल तर तो कुठं लावलाय ते पाहा. न्हाणीघराच्या आत असेल तर मोठ्यांना मावशींचं वाक्य ऐकवा. जाळ बाहेर, पाणी आत!