तेवीस मिनिटांचे गीत आणि त्याचे श्रोते

एखादे गीत किती लांब असावे, या प्रश्नाचा निकाल पुष्कळदा गायकापेक्षा यंत्रानेच लावलेला आहे. जुन्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांपलीकडे काही मावत नसे. अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या थोर गवयासही आपला राग तेवढ्या अवधीत बसवावा लागला. १९४८ साली अमेरिकेत दीर्घ अवधीची तबकडी निघाली व एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे सलग वाजू लागली. जागा वाढली, पण इंग्रजी लोकप्रिय गीताने आपला अंगरखा काही वाढविला नाही. ते पुढेही बराच काळ तीन मिनिटांतच आटोपत राहिले, कारण नभोवाणीवर तेवढेच वाजे आणि बाजारात तेवढेच खपे.

१९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडातील काही तरुण वादकांनी ही मर्यादा झुगारून दिली. त्यांच्या संगीतास प्रोग्रेसिव्ह रॉक असे नाव पडले. किंग क्रिमसन, येस, जेथ्रो टल, जेनेसिस ही त्यांतील काही प्रसिद्ध वाद्यवृंदांची नावे. आज मी जेनेसिस या वाद्यवृंदाविषयी, किंबहुना त्याच्या श्रोत्यांविषयी बोलणार आहे. गाणारे थोर असतात हे आपण सहज मान्य करतो. ऐकणाऱ्यांनीही एखादे संगीत पन्नास वर्षे जिवंत ठेवलेले असते, याची नोंद मात्र क्वचितच होते.

हा वाद्यवृंद जन्मास आला एका शाळेत. सरे परगण्यातील चार्टरहाउस ही फार जुनी, १६११ साली स्थापन झालेली संस्था. तेथील पीटर गेब्रिअल, टोनी बँक्स, माइक रदरफर्ड प्रभृती विद्यार्थ्यांनी १९६७ च्या सुमारास गीते रचावयास आरंभ केला. शाळेच्या प्रार्थनामंदिरात म्हटल्या जाणाऱ्या स्तोत्रांचा आपल्यावर परिणाम झाला, असे गेब्रिअल व बँक्स या दोघांनीही सांगितले आहे. स्तोत्रे ऐकत व गात वाढलेल्या आमच्यासारख्यांस तो परिणाम सांगावा लागत नाही. बँक्सच्या ऑर्गनवर स्वरसंघ ज्या संथ पावलाने चढत जातात, ते पाऊल ओळखीचे वाटते. १९६९ साली त्यांची पहिली तबकडी निघाली. तिच्या नावात बायबलातील पहिल्या व शेवटच्या अशा दोन्ही पुस्तकांची नावे होती, उत्पत्ती आणि प्रकटीकरण. परिणाम असा झाला, की कित्येक दुकानदारांनी ती धार्मिक संगीताच्या फळीवर ठेवून दिली! अर्थात ती फारशी खपली नाही. १९७० मध्ये फिल कॉलिन्स हा तालवादक आणि १९७१ च्या आरंभी स्टीव्ह हॅकेट हा गिटारवादक येऊन मिळाला, तेव्हा पाच जणांचा तो संच सिद्ध झाला. जुने रसिक आजही ज्याच्याविषयी हळवे होऊन बोलतात, तो हाच.

या संचाची जी रचना रसिकांनी सर्वांत अधिक उरी धरली, ती १९७२ सालच्या ‘फॉक्सट्रॉट’ या तबकडीवरील ‘सपर्स रेडी’. हिची लांबी जवळजवळ तेवीस मिनिटे. तबकडीची दुसरी बाजू, आरंभीचा एक लहानसा गिटारचा तुकडा वगळता, हिनेच व्यापलेली आहे. तिचे सात भाग आहेत. प्रारंभी बँक्स, हॅकेट व रदरफर्ड असे तिघे जण बारा-बारा तारांच्या गिटारी घेतात. छत्तीस तारा एका सुरात लावणे म्हणजे काय, हे ज्याने एक तंबोरा जुळविला आहे त्यास सांगावयास नको. जाहीर कार्यक्रमात या जुळवाजुळवीला वेळ लागे, आणि तेवढ्यात प्रेक्षक कंटाळू नयेत म्हणून गेब्रिअल पुढे येऊन काही विचित्र गोष्टी सांगत बसे. त्या गोष्टींचीही पुढे चाहत्यांस इतकी गोडी लागली, की त्या कार्यक्रमाचाच भाग होऊन बसल्या.

आता हे ऐकावयाचे कसे? दोन गोष्टींकडे लक्ष ठेवल्यास वाट सापडते.

पहिली गोष्ट तालाची. सहाव्या भागात नऊ मात्रांचे आवर्तन सुरू होते. आपल्या कानास रूपकाच्या सात मात्रा परिचित आहेत, झपतालाच्या दहा परिचित आहेत. नऊ मात्रा मैफलीत क्वचित भेटतात. येथे त्या तीन, दोन आणि चार अशा विभागल्या आहेत. कॉलिन्सचे ढोल व रदरफर्डचे खर्जाचे सूर हे आवर्तन घट्ट धरून बसतात. रदरफर्ड तर तीनच स्वर फिरवून फिरवून वाजवितो. तबलजीच्या एकल वादनाला लेहरा धरावा तसे. आणि त्या पक्क्या जमिनीवर बँक्सचा ऑर्गन मात्र कधी चाराच्या, कधी साताच्या हिशेबाने स्वैर चालतो. तो समेवर येतो म्हणावे तो पुढे निघून जातो. काही मिनिटे श्रोता अधांतरी असतो. हा भाग नुसत्या वादनाचाच राहील अशी बँक्सची समजूत होती. गेब्रिअलने त्याच्या उत्तरार्धावर आपले गायन चढविले, तेव्हा त्यास ते प्रथम रुचले नाही, आणि मग तेच योग्य म्हणून पटले. याच ठिकाणी चाहते श्वास रोखून बसतात.

दुसरी गोष्ट स्मरणाची. प्रारंभीच्या भागांत जी स्वरावली हळुवारपणे येऊन गेली, तीच शेवटी, अठरा-वीस मिनिटांनंतर, भव्य रूप घेऊन परत येते. त्या नऊ मात्रांच्या गदारोळातून बाहेर पडताक्षणी ती परतते, म्हणून तिचा परिणाम विलक्षण होतो. पण तो कोणावर? ज्याने पहिली स्वरावली लक्षात ठेवली आहे, त्याच्यावर. जो मध्येच उठून गेला अथवा सातव्या मिनिटास आला, त्याच्या दृष्टीने शेवट म्हणजे केवळ मोठा आवाज. या रचनेचा निम्मा भार श्रोत्याच्या स्मरणशक्तीवर टाकलेला आहे, आणि म्हणूनच तिचा चाहता तीन मिनिटांच्या गीताच्या चाहत्याहून वेगळा घडतो. तो एकाग्र होतो आणि थोडा हट्टीही होतो. शब्दांविषयी मी फार सांगत नाही. अखेरीस प्रकटीकरणाच्या पुस्तकातील नव्या यरुशलेमेचे दर्शन आहे. मध्यंतरी पुष्कळ विनोद, शब्दांच्या कसरती व पोरखेळ आहे. पाचव्या भागातील गोंधळ मला स्वतःला किंचित लांबलेला वाटतो. परंतु तो नसता तर सहाव्या भागाची भीती वाटली नसती, हेही कबूल केले पाहिजे.

एका वाद्याचा उल्लेख करावयास हवा. त्याचे नाव मेलोट्रॉन. दिसावयास ते पेटीसारखे, पण प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एक तुकडा असतो व त्यावर व्हायोलिनांचा किंवा गायकवृंदाचा एकेक खरा सूर मुद्रित केलेला असतो. पट्टी दाबली की फीत सरकते आणि सुमारे आठ सेकंदांत संपते; मग बोट उचलून फीत मागे जाऊ द्यावयाची. फीत सरकताना किंचित डळमळे, त्यामुळे सूरही डळमळे. यंत्राच्या दृष्टीने हा दोषच. पण रसिकांच्या कानास त्या डळमळण्यात श्वास ऐकू येतो. ‘फॉक्सट्रॉट’चा आरंभ याच वाद्याने होतो. पुढे अगदी निर्दोष आवाजाची विद्युत्‌वाद्ये निघाली, तरी त्या जुन्या डळमळीची हौस फिटली नाही.

या संगीताचे मोल प्रथम कोणी ओळखले? इंग्लंडने नव्हे. ‘नर्सरी क्राइम’ ही १९७१ ची तबकडी निघाली तेव्हा इंग्लंडच्या खपाच्या यादीत तिचे नावही आले नाही. इटलीत मात्र ती चौथ्या क्रमांकावर गेली. १९७२ च्या एप्रिलात ही मंडळी इटलीत गेली, तेव्हा आपल्या देशात लहानसहान सभागृहांतून वाजविणाऱ्या या तरुणांस तेथे मोठाले समुदाय वाट पाहत असलेले दिसले. त्याच सुमारास व्हान डर ग्राफ जनरेटर या दुसऱ्या इंग्रज वाद्यवृंदाची तबकडी तर इटलीत पहिल्या क्रमांकावर होती. याचे कारण पुष्कळांनी इटलीच्या ऑपेराच्या परंपरेत शोधले आहे. ते मला बरेचसे ग्राह्य वाटते. ज्या समाजास नाट्यमय संगीत तास दोन तास बसून ऐकण्याची सवय आहे, त्यास तेवीस मिनिटे म्हणजे काय मोठीशी! इंग्लंडात जेनेसिसची तबकडी पहिल्या क्रमांकावर यावयास १९८० साल उजाडले, आणि तोपर्यंत गेब्रिअल व हॅकेट दोघेही सोडून गेले होते.

गेब्रिअल गेला १९७५ मध्ये, हॅकेट १९७७ मध्ये. गायनाची जागा तालवादक कॉलिन्सने घेतली. हळूहळू रचना आटोपशीर होत गेल्या, खप अफाट वाढला, १९८६ साली एक गीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. येथून चाहत्यांत जी दुफळी पडली, ती अद्याप मिटलेली नाही. एक पक्ष म्हणतो की १९७५ नंतर, फार तर १९७७ नंतर, जेनेसिस उरलेच नाही. दुसरा म्हणतो की आम्ही या वाद्यवृंदास ओळखतो ते त्या नंतरच्या गीतांवरूनच. संगीतात अशी भांडणे नवी नाहीत, आणि त्यांत एक प्रकारची सोवळेपणाची घमेंड असते, ती मला आवडत नाही. लहान गीत म्हणजे हलके गीत, असा काही नियम नाही. उलट बाजूनेही बोलणारे होते. १९७६-७७ च्या सुमारास इंग्लंडात नवी पिढी साधी, उग्र, तीन मिनिटांची गीते घेऊन आली, तेव्हा प्रोग्रेसिव्ह रॉकची फुगीर, आढ्यताखोर म्हणून यथेच्छ निर्भर्त्सना झाली. तीत काही तथ्य होते. कोल्ह्याचे मुंडके व तांबडा झगा घालून गाणारा गेब्रिअल पाहून हसू येणे स्वाभाविक आहे. परंतु ज्यांनी हे संगीत टिकविले, ते त्या झग्यासाठी तेथे बसलेले नव्हते.

त्यांनी केवढे टिकविले, याचे एक उदाहरण सांगतो. १९८२ च्या जुलैत गेब्रिअलने आपल्या सहकाऱ्यांसह वोमॅड नावाचा संगीतमहोत्सव भरविला. जगातील नाना देशांचे संगीत इंग्लंडातील श्रोत्यांस एका ठिकाणी ऐकावयास मिळावे, असा त्याचा हेतू. हेतू चांगला, हिशेब वाईट. महोत्सवात प्रचंड तोटा आला व कर्जाचा बोजा गेब्रिअलवर पडला. तेव्हा त्याचे जुने सोबती पुढे आले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी मिल्टन कीन्स येथील उघड्या मैदानावर जेनेसिसने गेब्रिअलसह एकच कार्यक्रम केला. त्याचे नाव ‘सिक्स ऑफ द बेस्ट’. इंग्रजी शाळांतून छडीच्या सहा फटक्यांस ही संज्ञा होती. (माझ्या पेशाच्या पूर्वसूरींनी इंग्रजी भाषेस दिलेली ही देणगी!) त्या दिवशी पाऊस मनस्वी कोसळला. लोक भिजत उभे राहिले. कर्जाचा भार उतरला, आणि वोमॅड जगला. पुढे १९८९ साली गेब्रिअलने रिअल वर्ल्ड ही ध्वनिमुद्रण संस्था काढली. नुसरत फतेह अली खाँसाहेबांची कव्वाली युरोप-अमेरिकेतील कित्येक घरांत पोहोचली ती तिच्याच तबकड्यांतून. मिल्टन कीन्सच्या चिखलात उभे राहिलेल्यांनी जुन्या गीतांसाठी तिकिटे काढली होती. त्यांच्या पैशाने आपल्या उपखंडातील गायकांसाठीही वाट मोकळी झाली, हे बहुतेकांच्या ध्यानीमनी नसेल.

दुसरे उदाहरण कॅनडातील मॉन्ट्रिअलचे. १९९३ साली तेथील काही तरुणांनी ‘द म्यूझिकल बॉक्स’ नावाचा संच काढला. त्यांनी केवळ गीतेच बसविली असे नव्हे. १९७३ साली पडदा कोणत्या रंगाचा होता, कोण कोठे बसे, गेब्रिअल कोणती गोष्ट सांगे, हे सारे जुनी छायाचित्रे पाहून व जुन्या प्रेक्षकांस विचारून त्यांनी जुळविले. जेनेसिसने १९७४-७५ मध्ये शंभरावर प्रयोग केलेल्या ‘द लॅम लाइज डाउन ऑन ब्रॉडवे’ या संगीतकथेचे संपूर्ण चित्रण उपलब्ध नाही. तिच्या पडद्यावरील मूळ पारदर्शिका वापरण्याची अनुज्ञा या संचास मिळाली. २००५ साली जिनीव्हा येथे खुद्द कॉलिन्स त्यांच्याबरोबर ढोल वाजवावयास बसला होता. हे अनुकरण आहे, निर्मिती नव्हे, असा आक्षेप घेता येईल आणि तो खोटा नाही. तथापि संगीतनाटकांचे जुने प्रयोग पुन्हा उभे करणाऱ्यांची खटपट ज्या मराठी प्रेक्षकांनी पाहिली आहे, त्यांस या मंडळींची तळमळ समजेल. मुद्रित ध्वनी ऐकणे वेगळे आणि माणसे समोर बसून नऊ मात्रा मोजत आहेत हे पाहणे वेगळे.

१४ जुलै २००७ रोजी जेनेसिसने रोममध्ये, प्राचीन रथशर्यतींच्या सर्को मासिमो या मैदानावर विनामूल्य कार्यक्रम केला. सुमारे पाच लक्ष लोक जमल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. ज्या इटलीने त्यांस पस्तीस वर्षांपूर्वी प्रथम जवळ केले, तिचेच हे निमंत्रण वसूल झाले म्हणावयाचे. अखेरचा कार्यक्रम २६ मार्च २०२२ रोजी लंडनमध्ये झाला. प्रकृतीमुळे कॉलिन्स ढोल वाजवू शकत नव्हता. तो खुर्चीवर बसून गायला आणि ढोलांपाशी त्याचा मुलगा होता. गेब्रिअल त्या रात्री प्रेक्षकांत होता.

त्याच वर्षी हॅकेटने ‘फॉक्सट्रॉट’ची पन्नाशी म्हणून ती सारी तबकडी ठिकठिकाणी वाजविली. ज्या कोणास हे संगीत प्रथमच ऐकावयाचे असेल, त्याने दिवे मंद करण्याची वगैरे आवश्यकता नाही. मात्र तेवीस मिनिटे मोकळी ठेवावीत, पहिल्या दोन भागांतील स्वरावली मनात गुणगुणून घ्यावी, आणि सहावा भाग सुरू झाला की बोटांवर तीन, दोन, चार असे मोजावयास लागावे. ऑर्गन हिशेब चुकवावयास पाहील. मोजणे सोडू नये.