वाकडा अंगठा आणि आधाराची पट्टी



आपण तोंड रोज आरशात पाहतो. पायाकडे लक्ष जाते ते ठेच लागली म्हणजेच. तेव्हा आज एवढे करा. अनवाणी, सपाट जमिनीवर उभे राहा आणि खाली पाहा. पायाचा अंगठा सरळ पुढे आहे, की शेजारच्या बोटाच्या अंगावर रेलला आहे? आणि अंगठ्याच्या बुडाशी, पायाच्या आतल्या कडेला, टेंगूळ आले आहे काय? असेल, तर हे चार शब्द तुमच्याकरिताच आहेत.

या टेंगळाला इंग्रजीत 'बनियन' म्हणतात. आपण अंगात घालतो त्या बनियनशी त्याचा काही संबंध नाही! पुष्कळांना हे कुरूप वाटते. पण कुरूप म्हणजे दाबाने कडक झालेली कातडी. इथे मूळ दुखणे हाडांच्या ठेवणीचे असते. तळपायातले पहिले लांब हाड आतल्या अंगाला सरकते, अंगठा उलट दुसऱ्या बोटाकडे झुकतो, आणि दोघांचा सांधा वाकवलेल्या कोपरासारखा बाहेर येतो. एकदा अंगठा कलला की, त्याला ओढणारे स्नायूंचे दोरही तिरके पडतात आणि चालताना त्याला आणखीच कलवतात. सुमारे 15 अंशांपर्यंतचा कल सामान्य समजतात. त्यापुढे गेला की विकार म्हणायचा.

असे का होते? काही अंशी हे घराण्यातून येते. आईचे पाय तसे लेकीचे. बायकांत हे अधिक आढळते. पण पादत्राणांचा वाटाही मोठा आहे. हाँगकाँगमधील चिनी लोकांच्या पायांची एक पाहणी 1958 साली प्रसिद्ध झाली. बूट वापरणाऱ्यांत 33 टक्के लोकांचे अंगठे वाकलेले आढळले. अनवाणी राहणाऱ्यांत दोन टक्केही नाहीत. इंग्लंडात केंब्रिज येथे पुरातन सांगाडे तपासले गेले, त्याचा निष्कर्ष 2021 साली आला. अकराव्या ते तेराव्या शतकातील सांगाड्यांत हा दोष 6 टक्के. टोकदार जोड्यांची टूम निघाल्यावर, चौदाव्या-पंधराव्या शतकांत, 27 टक्के. खेड्यातल्या दफनभूमीत तो अगदीच थोडा होता. म्हणजे ऐट शहराची आणि दुखणेही शहराचे! आता मात्र निमुळते बूट आणि उंच टाचांच्या चपला आपल्या आठवड्याच्या बाजारातही मिळतात.

आता उपायाकडे येऊ. दुकानात दोन तऱ्हेच्या वस्तू दिसतात. एक, रात्री बांधायची पट्टी, म्हणजे स्प्लिंट. मोडलेल्या हाताला कामट्या बांधतात, त्याच जातीची ही. ती अंगठा ओढून सरळ धरते. दुसरी, बोटांच्या बेचक्यात ठेवायची रबराची किंवा सिलिकोनची उशी. ती बोटे फाकवते. यांनी अंगठा कायमचा सरळ होतो काय? मोठ्या माणसाचा तरी होतो, असा भरवशाचा पुरावा नाही. पट्टी आहे तोवर अंगठा सरळ. सोडली की पुन्हा मूळपदावर. मग घ्यायचीच नाही की काय? तसेही नाही. घासणे, ठणका कमी होऊन काहींना बरे वाटते, आणि तेवढेही पुष्कळ आहे. मात्र उशी घालायची तर जोडा ऐसपैस हवा. आधीच अरुंद असलेल्या जोड्यात उशी कोंबणे म्हणजे भरल्या यष्टीत आणखी एक पेटी चढवणे.

इथे घरची गोष्ट सांगतो. माझ्या थोरल्या बहिणीचा अंगठा असाच. मी मोठ्या हौसेने तिला पट्टी आणून दिली, आणि "घट्ट बांध, अक्का," असेही सांगितले. तिला मधुमेह, पायाची जाणीव मंदावलेली. पट्टी रात्रभर रुतली, तिला कळले नाही. सकाळी कातडी सोललेली! ती जखम भरायला तीन महिने लागले. चूक माझी होती. म्हणून हात जोडून सांगतो: मधुमेह असेल, कुष्ठरोगाने वा दुसऱ्या कारणाने पाय बधिर झाला असेल, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून काहीही बांधू नका. इतरांनीही सैल बांधावी, थोडा वेळ बांधून पाहावी, आणि सोडल्यावर कातडी तपासावी.

घरच्या घरी काय करता येईल? पहिले औषध जोडा. संध्याकाळी पाय थोडे फुगतात, म्हणून खरेदी तेव्हा करावी. पुढचा भाग रुंद हवा, टाच कमी हवी. दुसरे, बसून पायाची बोटे फाकवावीत, अंगठा आतल्या अंगाला न्यावा, सोडावा. असे रोज दहा-वीस वेळा. हाड याने परतणार नाही, पण स्नायूंना काम मिळते. ठणका असेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ लावावा. सांधा एकाएकी लाल, गरम होऊन सुजला, तर तो गाउटही असू शकतो, दवाखाना गाठावा. आणि चालणेच अवघड झाले, तर शस्त्रक्रिया आहे. तिच्यात हाड कापून पुन्हा रांगेत बसवतात. ती दुखण्यासाठी करावी, शोभेसाठी नव्हे.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. वर्गात मुलांना कागदावर उभे करा, पावलाभोवती पेन्सिल फिरवू द्या, आणि त्या आकृतीवर त्यांचा बूट ठेवा. बुटाच्या बाहेर पावलाची रेघ दिसली, तर बूट अरुंद आहे, हे मुलाला न सांगता कळेल. तो कागद घरी पाठवा. गरीब घरात नवा जोडा लगेच येणार नाही, हे मी जाणतो. पण तोवर मुलाला वर्गात बूट काढून बसू द्यायला पैसे पडत नाहीत. शिस्त बुटात नसते, मंडळी. आणि वाढत्या वयातला पाय पुन्हा मिळत नाही.