हवेची हजेरी

मुलांनो, कर्नाळ्याला सहलीला गेला आहात ना? पनवेल सोडून मुंबई-गोवा महामार्गाने साधारण १२ किलोमीटर गेलं की अंगठ्यासारखा तो सुळका दिसतो, दोन्ही बाजूंची झाडी जवळ येते आणि रस्ता चढू लागतो. आजची गोष्ट त्याच चढणीवरची आहे. किल्ल्याची नाही, पक्ष्यांचीही नाही. दर सेकंदाला हरवणाऱ्या बारा ग्रॅम हवेची!

माझा धाकटा भाऊ भाड्याने गाडी चालवतो. दीड लिटरचं डिझेल इंजिन, त्याला टर्बो. गणपतीला कोकणात जाणारी माणसं म्हणजे त्याची वर्षाची मोठी कमाई. आणि नेमकं चार दिवस आधी गाडीने रुसावं? सपाटीला ठीक चालायची. कर्नाळ्याची चढण आली की दम लागायचा आणि मागून काळा धूर. एका गॅरेजमध्ये ‘हवा मोजणारा सेन्सर गेलाय’ म्हणून नवा बसवून दिला. पैसे गेले, धूर तसाच! मग तिथेच सांगितलं, “टर्बो बदला.” गणपतीतली सगळी कमाई त्यातच गेली असती. भाऊ रात्री जेवलासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी तो ओळखीच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककाकांकडे गेला. शाळेला सुट्टी होती, मीही बरोबर गेले.

आता हा सेन्सर म्हणजे काय ते आधी बघू. चहा गार करायला आपण बशीवर फुंकर मारतो. जोरात फुंकर, तर चहा लवकर गार. सेन्सर हेच ओळखतो. हवेच्या नळीत एक बारीकशी तार किंवा पातळ पट्टी असते. विजेने ती तापवून ठेवतात. जाणारी हवा तिला गार करते. तिची उष्णता टिकवायला जितकी जास्त वीज लागेल, तितकी जास्त हवा गेली! त्यावरून गाडीचा संगणक दर सेकंदाला किती ग्रॅम हवा आत आली ते ठरवतो आणि तेवढ्याला झेपेल इतकंच डिझेल देतो. (हो, ग्रॅम! हवेलाही वजन असतं. आपल्याकडच्या ३० अंशांच्या दमट हवेत एक लिटर हवा साधारण १.१५ ग्रॅम भरते.)

काकांनी स्कॅनर जोडला आणि मला मागे बसवून म्हणाले, “बाई, तुम्ही आकडे लिहा. चालवणाऱ्याने फक्त रस्ता बघायचा.” चढणीला लागलो. इंजिनाचे मिनिटाला २००० फेरे झाले तेव्हा भावाने पाय दाबला. मी दोन आकडे लिहिले. हवा : सेकंदाला ४९ ग्रॅम. इंजिनाच्या तोंडाशी दाब : बाहेरच्या हवेच्या दीडपट. मागे काळा धूर होताच. भाऊ हॉर्न वाजवणार, तेवढ्यात काकांनी हात धरला. अभयारण्य आहे ना!

रस्त्याकडेला सुरक्षित जागी गाडी लावून काकांनी माझ्याच वहीवर गणित मांडलं. तुम्हीही करून बघा.

हे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पुरता श्वास घेतं. म्हणजे २००० फेऱ्यांत १००० श्वास. एक श्वास दीड लिटरचा, म्हणजे मिनिटाला १५०० लिटर, सेकंदाला २५ लिटर. वजन केलं तर साधारण २९ ग्रॅम. ही साधी हवा झाली. टर्बो काय करतो? धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, तो आत जाणारी हवा दाबून बसवतो. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. दाब दुप्पट झाला तर हवाही दुप्पट, म्हणजे ५८ ग्रॅम? नाही हं. दाबलेली हवा तापते आणि तापली की विरळ होते. सायकलचा पंप हाताला गरम लागतो की नाही? इंटरकूलर तिला गार करतो, पण पुरती नाही. शिवाय सिलिंडर काठोकाठ भरत नाही. तेव्हा दुप्पट दाबाला ५० ग्रॅमच्या आसपास धरायचे. दीडपट दाबाला २९ चे ४३ आणि ही घट काढून ३७.

आता गंमत बघा. सेन्सर म्हणतो ४९, इंजिनात पोचले ३७! मला एकदम शाळा आठवली. गेटवर शिपायाने मोजली ४९ मुलं आणि वर्गात हजेरी घेतली तर ३७. बारा जण गेले कुठे? शिपाई चुकला असेल किंवा कुंपणाला भोक असेल.

“शिपाई नवा आहे,” काका म्हणाले, “आणि धूर बघा ना!” सेन्सर मळून कमी मोजू लागला तर डिझेल गाडीत संगणक डिझेलही कमी देतो. गाडी मंदावते, पण सहसा काळा धूर होत नाही. इथे उलटं झालं होतं. एक ग्रॅम डिझेल पुरतं जळायला साधारण साडेचौदा ग्रॅम हवा लागते. पण धूर होऊ नये म्हणून त्याहून बरीच जास्त ठेवतात, समजा वीस. ४९ ग्रॅम हवेच्या हिशेबाने संगणकाने अडीच ग्रॅमच्या आत-बाहेर डिझेल दिलं. प्रत्यक्ष हवा ३७, म्हणजे ग्रॅमला जेमतेम पंधरा. अर्धवट जळालेल्या डिझेलचं काजळ होऊन मागे उडत होतं. (पेट्रोल गाडीचं प्रमाण १४.७ आणि तिथे हवा कमी मोजली गेली की पेट्रोल कमी पडतं. टर्बोच्या पेट्रोल इंजिनावर जोर असताना ते फारच वाईट.)

हा सेन्सर बसवतात टर्बोच्या आधी. म्हणजे गेटवर. टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये कुठेतरी हवा निसटत होती. गॅरेजला परत आल्यावर काकांनी इंजिन गार होऊ दिलं, नळीच्या तोंडाला बूच बसवून कॉम्प्रेसरची थोडीशीच हवा आत सोडली आणि जोडांवर साबणाचं पाणी मारलं. पंक्चरवाला टबात ट्यूब बुडवतो ना, तसंच! इंटरकूलरजवळच्या रबरी नळीखालून एक मोठा फुगा आला. मग दुसरा, मग फेसच फेस. भाऊ आनंदाने ओरडलाच, “ताई, सापडलं!”

बोटभर चीर होती, तीही तेलकट. गाडी उभी असताना मिटलेली, दाब आला की ओठांसारखी उघडणारी. पहिल्या गॅरेजने उभ्या गाडीवर आकडे बघितले होते, तिथे दिसणार कसं? टर्बो अगदी ठणठणीत होता. नळीचा खर्च टर्बोच्या मानाने काहीच नाही. संध्याकाळी पुन्हा तीच चढण. हवा ५०, दाब दुप्पट, वर्गात हजेरी ५०. धूर नाही.

भावाला लगेच चेव चढला. “काका, आता संगणकातले आकडे बदलून जोर वाढवून द्या!” हल्ली पुष्कळ दादालोक असं करतात, तुम्ही ऐकलं असेल. काकांनी आधी चष्मा पुसला. म्हणाले, “कालच्या फाटक्या नळीवर मी डिझेल वाढवलं असतं तर काय झालं असतं?” धूर दुप्पट! शिवाय निसटलेली हवा भरून काढायला टर्बो आणखी जोरात फिरला असता. एरवीसुद्धा छोटा टर्बो मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. काकांनी आकडे बदलले नाहीत ते नाहीतच. भाऊ जरा हिरमुसला. मला मात्र बरंच वाटलं.

ती फाटकी नळी मी वर्गात नेली. पोरांनी दाबून, वाकवून, फुंकून पार चकचकीत केलीय. चौथीतल्या एकीने विचारलं, “बाई, मग गेटवर कशाला मोजायचं? वर्गातच मोजा की!” मला उत्तर आलं नाही. काकांना विचारून दुसऱ्या दिवशी सांगितलं : कितीतरी गाड्यांत तसंच करतात. गेटवर सेन्सरच नसतो. इंजिनाच्या तोंडाशी दाब आणि तापमान बघून संगणक आपण केलं तसंच गणित करतो.

तुमच्या घरच्या गाडीत हवा कुठे मोजतात? रविवारी इंजिन गार असताना बाबांना किंवा आईला बॉनेट उघडायला सांगा आणि शोधा बरं.