साठ टक्के पाऊस म्हणजे नक्की किती?

शुक्रवारी रात्री मोबाइल म्हणाला, जव्हारला पावसाची शक्यता 60 टक्के. बॅग भरली, निघालो. दाभोसा धबधबा, भिजणं, गरम भजी... फुल टू प्लॅन! जव्हार कोरडं ठणठणीत. मोखाड्याच्या रस्त्याला मात्र वायपर थकले. 'हवामानवाल्यांना काही कळत नाही,' मी टपरीवर करवादलो. शेजारचे काका म्हणाले, "तुमची सहल चुकते. आमची आवणी चुकते."

चहा एकदम कडू लागला. भाताचं रोप तयार असताना पाऊस दडी मारून बसला, तर वर्षाचं गणित कोलमडतं.

पण अंदाज खरंच चुकला होता का? 1961 साली अमेरिकेत एडवर्ड लोरेन्झ कम्प्युटरवर हवामान मांडत होते. 0.506127 ऐवजी त्यांनी 0.506 टाकलं. एवढ्याशा फरकाने पुढचं हवामान पार बदललं! हाच तो केऑस, फुलपाखराच्या पंखांमुळे प्रसिद्ध झालेला. 26 जुलै 2005 आठवतो? सांताक्रूझला 944 मिलिमीटर, कुलाब्याला जेमतेम 73. शहर एकच!

म्हणून आता एकाच अंदाजावर भिस्त नसते. सुरुवातीचे आकडे किंचित बदलून तेच गणित पुनःपुन्हा सोडवतात. हवामान खात्याने 2018 मध्ये आणलेल्या पद्धतीत असे 21 अंदाज होते. समजा, 13 म्हणाले 'पडेल', तर शक्यता झाली साधारण 60 टक्के. उरलेले आठही खोटे नसतात, बॉस!

मग महिन्यांनंतरचं काहीच कळत नाही? तसंही नाही. अमुक तारखेचा पाऊस सांगता येत नाही, पण समुद्राच्या तापमानावरून मोसमाचा कल दिसतो. चार्नी आणि शुक्ला यांनी 1981 मध्ये हेच मांडलं. फासा कसा पडेल ते माहीत नाही, पण तो कुठे झुकलाय ते कळतं. आणि तो झुकतोय. पुण्याच्या आयआयटीएममधले रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं, की मध्य भारतात मोठ्या भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 दरम्यान तिपटीने वाढल्या.

निघताना काकांना विचारलं, "मग तुम्ही काय करता?"

"खाचरात भात, वरकसावर नागली आणि वरई. एक गेलं तर दुसरं."

एका अंदाजावर सगळं लावायचं नाही, हे काकांना कम्प्युटरशिवाय ठाऊक होतं. पुढच्या वेळी 60 टक्के वाचलं की उरलेले 40 सुद्धा वाचा. रेनकोट घ्या, आणि प्लॅन बीसुद्धा!