बालसंधिवात (लेखांक ५) : रिपोर्ट नॉर्मल, मग गोळ्या बंद?

मेथोट्रेक्सेटची आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी सुरू करताना पालक जेवढे घाबरतात, त्याहून जास्त घोळ ती थांबवताना होतो. जबलपूरच्या रिछाई औद्योगिक वसाहतीत कामाला असलेल्या घराचं गणित उघड आहे. मुलांच्या संधिवाताचे तज्ज्ञ मोजक्या मोठ्या शहरांत, आणि एका खेपेला रजा, गाडीभाडं, मुक्काम असं सगळं लागतं. मग जवळच्या लॅबमध्ये ईएसआर ही दाहाची रक्ततपासणी करायची आणि आकडा उतरला की गोळ्या बंद, हा मार्ग सोयीचा वाटतो. तो चुकीचा आहे, कारण ईएसआर सांध्याचा नसून सगळ्या शरीराचा असतो. घसा बसला, रक्त कमी झालं तरी तो चढतो. आणि एकच गुडघा सुजलेल्या मुलात तो खुशाल नॉर्मल राहतो.

कॅरल वॉलेस आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये मांडलेले आणि 2011 मध्ये सुधारलेले, आजार शांत झाला का हे ठरवण्याचे निकष म्हणून एका आकड्यावर थांबत नाहीत. एकाही सांध्यात चालू सूज नको. या आजाराचा ताप किंवा पुरळ नको. डोळ्यात दाह नको. सकाळचा आखडलेपणा पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नको. आणि तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मते आजार शांत हवा. ईएसआर किंवा सीआरपी ही तशीच दुसरी रक्ततपासणी यादीत आहे, पण आकडा दुसऱ्या कारणाने वाढला असेल तर धरायचा नाही, अशी मुभाही आहे. या यादीतलं खरं काम हाताचं. गुडघ्याच्या वाटीच्या आतल्या बाजूची खळगी भरली आहे का, तिथून वर सारलेलं पाणी बाहेरच्या बाजूने दाबताच परत फुगवटा येतो का, हे बोटांनाच कळतं. दोन-तीन वर्षांचं मूल ‘दुखतंय’ म्हणत नाही. ते सकाळी कडेवरून उतरत नाही, एवढंच. असं सगळं शांत असताना औषधावर सलग सहा महिने गेले तर ते औषधावरचं रेमिशन, आणि औषध थांबवूनही बारा महिने गेले तर औषधाविना रेमिशन.

सहा आणि बारा हे आकडे आणले कुठून, असा आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. ते तज्ज्ञांच्या सहमतीचे आहेत, शरीरात मोजलेले नाहीत. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मेथोट्रेक्सेटवर शांत झालेल्या 364 मुलांपैकी काहींचं औषध सहा महिन्यांनी, तर काहींचं बारा महिन्यांनी थांबवलं. दोन वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण 56.7 आणि 55.6 टक्के, म्हणजे जवळपास सारखंच. याचा अर्थ मुदत निरुपयोगी, असा मी काढत नाही. नुसती मुदत वाढवून खात्री विकत घेता येत नाही, एवढाच काढतो. निम्म्याहून अधिक मुलांत आजार परतला, तर थांबवणं हा उपचाराचा शेवट नसून देखरेखीचा नवा टप्पा आहे.

दुसरा आक्षेप : यात मुलाचं मत कुठे? जेएडीएएस या गुणपद्धतीत पालकांचं किंवा मुलाचं मत मोजलं जातं, पण सूज गेल्यावरही दुखणं उरू शकतं आणि तेवढ्यासाठी औषध वाढवणं योग्य नाही. दोघांचंही ऐकावं, सांध्याचा निर्णय मात्र सांधा तपासूनच. डोळ्याचं तर त्याहून बिकट. लहान मुलात आतला दाह बऱ्याचदा ना लाली आणतो ना वेदना. त्यामुळे धोका जास्त असलेल्या, विशेषतः एएनए ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह आलेल्या लहान मुलांची दर तीन महिन्यांची स्लिट-लॅम्प तपासणी गोळ्या बंद झाल्यावरही चालू ठेवावी लागते.