कारागृहातील शिक्षण

कारागृहातील शिक्षण : शिक्षा भोगत असलेल्या किंवा न्यायचौकशीच्या निकालाची वाट पाहणाऱ्या बंदींना कारागृहात दिले जाणारे शिक्षण. साक्षरतेचे वर्ग, शालेय व विद्यापीठीय अभ्यासक्रम, धंदेशिक्षण आणि ग्रंथालयाची सोय यांचा त्यात अंतर्भाव होतो. बंदीचा वेळ सत्कारणी लागावा, कारागृहात शिस्त राहावी आणि सुटकेनंतर त्याने पुन्हा गुन्ह्याकडे वळू नये, असे तीन हेतू या शिक्षणामागे सांगितले जातात. त्यांपैकी पुनरपराधास आळा घालणे हा हेतू सर्वांत महत्त्वाचा मानला जातो. तथापि सिद्ध करण्यास सर्वांत अवघड असाही तोच आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत यूरोपात तुरुंग हे मुख्यतः आरोपीला खटल्यापर्यंत, तर ऋणकोला कर्ज फिटेपर्यंत अडकवून ठेवण्याचे ठिकाण होते. तेथे शिकविण्याचा प्रश्न सहसा उद्भवत नसे. कारावास हीच शिक्षा ठरल्यावर बंदीच्या सुधारणेचा विचार पुढे आला. इंग्लंडमध्ये एलिझाबेथ फ्राय (१७८०–१८४५) या क्वेकर पंथीय समाजसेविकेने लंडनच्या न्यूगेट तुरुंगातील स्त्रिया व त्यांची मुले यांच्यासाठी १८१७ च्या सुमारास शाळा चालविली. रॉबर्ट पील याच्या पुढाकाराने संमत झालेल्या १८२३ च्या तुरुंगविषयक कायद्यात बंदींना लेखन-वाचन शिकविण्याची तरतूद होती. या काळातील शिकवण्याचा मुख्य उद्देश बंदीला बायबल वाचता यावे हा होता. अज्ञान हे पापाचे मूळ आहे, ही धारणा त्यामागे होती.

शिक्षणाला धर्मबोधापासून वेगळे करून सुधारणेचे स्वतंत्र साधन बनविण्याचा मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. सिनसिनाटी येथे १८७० मध्ये भरलेल्या तुरुंग परिषदेने शिक्षण हे सुधारणेचे महत्त्वाचे अंग असल्याचे जाहीर केले आणि १८७६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा येथे झेब्युलन ब्रॉकवे (१८२७–१९२०) याच्या देखरेखीखाली तरुण अपराध्यांसाठी सुधारगृह सुरू झाले. तेथे शिक्षेची नेमकी मुदत ठरलेली नसे. अभ्यास, काम व वर्तन यांबद्दल मिळणाऱ्या गुणांवर सुटका अवलंबून असे. बाहेरचे अध्यापक येऊन वर्ग घेत आणि निरनिराळे धंदे शिकविले जात. एल्मायराचे अनुकरण अनेक राज्यांनी केले. मात्र याच संस्थेत बंदींना अमानुष मारहाण होत असल्याच्या तक्रारींवरून १८९३-९४ मध्ये अधिकृत चौकशी झाली, ही बाब तिच्या गौरवपर वर्णनांतून बहुधा गाळली जाते. विसाव्या शतकात ऑस्टिन मॅकॉर्मिक याच्या प्रौढ बंदींच्या शिक्षणावरील ग्रंथाने (१९३१) या विषयाला शास्त्रीय बैठक दिली. संयुक्त राष्ट्रांच्या १९५५ च्या किमान प्रमाण नियमांनी निरक्षर व तरुण बंदींचे शिक्षण सक्तीचे मानले आणि ते देशाच्या सर्वसाधारण शिक्षणपद्धतीशी जोडलेले असावे, असा आग्रह धरला. सुटकेनंतर बंदीला अडचणीविना पुढे शिकता यावे, हे त्याचे कारण होय. २०१५ च्या सुधारित ‘नेल्सन मंडेला नियमां’त हीच तरतूद कायम आहे.

शिक्षणामुळे पुनरपराध खरोखर घटतो काय, या प्रश्नाला १९७४ मध्ये वेगळे वळण लागले. रॉबर्ट मार्टिन्सन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९४५ ते १९६७ या काळातील २३१ अभ्यासांचा आढावा घेऊन असे मत मांडले, की थोडे अपवाद सोडता सुधारणेच्या कोणत्याही कार्यक्रमाचा पुनरपराधावर म्हणण्यासारखा परिणाम झालेला नाही. या निष्कर्षाचा राजकीय प्रभाव फार मोठा झाला. मार्टिन्सनने १९७९ मध्ये आपले मत बऱ्याच अंशी मागे घेतले. परंतु मूळ लेखाला मिळालेल्या प्रसिद्धीच्या मानाने या दुरुस्तीकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. कठोर शिक्षांच्या धोरणाच्या ओघात १९९४ च्या केंद्रीय कायद्याने अमेरिकेतील बंदींना उच्च शिक्षणासाठी मिळणारे ‘पेल’ अनुदान बंद केले आणि तुरुंगांतील बहुतेक महाविद्यालयीन वर्ग त्यामुळे बंद पडले. २०१५ मध्ये ते प्रायोगिक स्वरूपात पुन्हा सुरू झाले, तर २०२० च्या कायद्यान्वये जुलै २०२३ पासून बंदी त्यास पुन्हा पात्र ठरले.

या वादाचा निकाल लावण्यात दोन अडचणी आहेत. पहिली व्याख्येची. पुनरपराध म्हणजे पुन्हा अटक, पुन्हा दोषसिद्धी की पुन्हा कारावास, यावर आकडा पूर्णतः बदलतो. अमेरिकेच्या तीस राज्यांतून २००५ मध्ये सुटलेल्या बंदींपैकी ७६·६ टक्के पाच वर्षांच्या आत पुन्हा अटक झाले. परंतु नव्याने दोषी ठरलेले ५५·४ टक्के आणि नव्या शिक्षेसाठी राज्य किंवा केंद्रीय तुरुंगात गेलेले केवळ २८·२ टक्के होते. तेव्हा नॉर्वेतील सुमारे २० टक्क्यांचा नेहमी उद्धृत होणारा आकडा अमेरिकेच्या आकड्याशेजारी ठेवताना सावधगिरी बाळगली पाहिजे. तो दोन वर्षांच्या मुदतीतील नव्या शिक्षेचा आहे, अटकेचा नव्हे.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. वर्गात नाव घालणारा बंदी हा मुळातच न घालणाऱ्यापेक्षा वेगळा असतो. त्याला सुधारण्याची इच्छा असते, घरची माणसे भेटीस येत असतात, व्यसन कमी असते. तो पुढे गुन्हा करीत नाही याचे श्रेय वर्गाला द्यावे की त्याच्या मूळ वृत्तीला, हे साध्या तुलनेवरून ठरत नाही. मेरिलंड, मिनेसोटा व ओहायओ या राज्यांतील २००१ च्या अभ्यासात शिक्षण घेतलेल्यांपैकी २१ टक्के, तर न घेतलेल्यांपैकी ३१ टक्के पुन्हा तुरुंगात गेल्याचे आढळले. या फरकातील किती भाग शिक्षणाचा, ही शंका उरतेच. रँड या संशोधनसंस्थेने २०१३ मध्ये ५८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करताना हा दोष टाळण्यासाठी काटेकोर पद्धतीचे मोजके अभ्यास वेगळे काढले. त्यांवरून सुटकेनंतर पुन्हा तुरुंगात जाण्याचे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांनी, म्हणजे ४३ वरून ३० च्या आसपास, उतरते असे अनुमान निघाले. वृत्तपत्रांत याच अभ्यासाचा ‘४३ टक्के घट’ असा उल्लेख होतो. ती घट संभाव्यतेच्या गुणोत्तरातील आहे, शंभर सुटलेल्यांमागे पुन्हा परतणाऱ्यांच्या संख्येतील नव्हे. दोन्ही आकड्यांची गल्लत केल्यास शिक्षणाकडून भलत्याच अपेक्षा निर्माण होतात. २०१८ मधील पुढील विश्लेषणात ही घट याहून कमी निघाली. थोडक्यात, परिणाम खरा आहे, पण मध्यम आहे. तरीही तो खर्चाच्या मानाने फायद्याचा ठरतो : दर बंदीमागे शिक्षणावर होणारा खर्च सुमारे १,४०० ते १,७४४ डॉलर, तर तीन वर्षांत पुन्हा कारावास टळल्यामुळे होणारी बचत ८,७०० ते ९,७०० डॉलर असल्याचे २०१३ च्या अभ्यासात दाखविले आहे.

हा परिणाम कोणत्या मार्गाने घडतो, याविषयी एकवाक्यता नाही. नोकरीची शक्यता वाढते, हे सर्वमान्य कारण होय. परंतु हाती प्रमाणपत्र असूनही पूर्वीच्या शिक्षेमुळे काम नाकारले गेले, तर त्या शिक्षणाचे मोल उरत नाही. वेळापत्रक पाळणे, एखादी गोष्ट शेवटास नेणे, मुलांना पत्र लिहिता येणे, गुन्हेगार याखेरीज विद्यार्थी अशी दुसरी ओळख मिळणे, यांचाही वाटा असावा. मात्र तो मोजता येत नाही. नॉर्वेमध्ये तुरुंगातील शिक्षक हे तुरुंगाचे नोकर नसून बाहेरच्या शिक्षणयंत्रणेचे असतात. त्यामुळे बंदीला सुटकेनंतर त्याच यंत्रणेत शिक्षण पुढे चालू ठेवता येते.

भारतात या विषयाचा आरंभ नकाराने झाला. मेकॉले ज्याचा सदस्य होता, त्या तुरुंगशिस्त समितीने १८३८ मध्ये नीतिबोध, शिक्षण व चांगल्या वर्तनाबद्दल बक्षीस हे सर्व उपाय फेटाळून कंटाळवाण्या कष्टांवर भर दिला. बंदीची सुधारणा हे कारागृहाचे उद्दिष्ट असल्याची स्पष्ट मान्यता १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने दिली. मराठी वाचकाला तुरुंग आणि विद्या यांची सांगड म्हटली की मंडालेत गीतारहस्य लिहिणारे टिळक, किंवा १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने टिपून घेणारे साने गुरुजी आठवतात. परंतु हे राजबंदी आधीच विद्यासंपन्न होते. अक्षरओळख नसलेला, चोरीमारीत सापडलेला सामान्य बंदी हा कारागृहातील शिक्षणाचा खरा विषय असून, त्याचा इतिहास क्वचितच लिहिला गेला आहे.

संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार कारागृहे हा राज्यांचा विषय असल्याने देशभर एकच पद्धत नाही. न्यायमूर्ती आ. ना. मुल्ला यांच्या समितीने (१९८०–८३) शिक्षणाच्या विस्ताराची शिफारस केली आणि २०१६ च्या आदर्श कारागृह नियमपुस्तिकेत त्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. प्रत्यक्षात मोठा बदल मुक्त विद्यापीठांमुळे घडला. दिल्लीच्या तिहार कारागृहात १९९४ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले. महाराष्ट्रात १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे अभ्यासक्रम काही मध्यवर्ती कारागृहांत चालतात. साक्षरतेचे वर्ग पुष्कळदा शिकलेले बंदीच घेतात. परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या सिद्धदोष बंदीस शिक्षेत विशेष सूट देण्याची तरतूदही महाराष्ट्रात आहे. त्यामुळे वर्ग भरतात. मात्र विद्येसाठी आलेला आणि सुटीसाठी आलेला हे मोजणीत एकाच रकान्यात येतात.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते. गेल्या काही वर्षांच्या नोंदींत बंदींपैकी सुमारे एकचतुर्थांश निरक्षर आणि सुमारे दोनपंचमांश दहावीपर्यंत न पोहोचलेले आढळतात. २०२२ च्या बंदींपैकी ४,३४,३०२, म्हणजे तीनचतुर्थांशाहून थोडे अधिक, न्यायाधीन होते. शिक्षणाच्या योजना मुख्यतः सिद्धदोष बंदी डोळ्यांपुढे ठेवून आखल्या जातात. न्यायाधीन बंदीस शिक्षेतील सूट लागू नसते; त्याचा जामीन कधी होईल हे कोणास ठाऊक नसते, न्यायालयाच्या तारखांना वर्ग बुडतो आणि दुसऱ्या कारागृहात बदली झाली की अभ्यासक्रम अर्धवट राहतो. सुटलेल्या बंदीचा काही वर्षे माग ठेवून शिकलेल्या व न शिकलेल्यांची तुलना करण्याची पद्धत भारतात रूढ नाही. राष्ट्रीय आकडेवारीत केवळ पुन्हा दाखल झालेल्या सिद्धदोष अपराध्यांची नोंद असते. सुटका झालेला पदवीधर नोकरीसाठी गेला म्हणजे चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला जातो आणि बहुतेक वेळा त्याची पदवी पाहण्याची वेळच येत नाही.