बोरनहाण, विमानाची तिकिटं आणि गोवराची लस

सिटीवेस्टमध्ये थंडी सुरू झाली की लुआसमध्ये, शाळेच्या फाटकाशी आपल्या लोकांचा एकच विषय असतो: यंदा भारतात कधी? घरात तान्हं बाळ असेल तर बेत आधीच ठरलेला असतो. आजीने हलव्याचे दागिने सांगून ठेवलेले असतात. पहिली संक्रांत, म्हणजे बोरनहाण व्हायलाच हवं. सोसायटीतली वीस-पंचवीस मुलं जमणार, बाळाच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, गोळ्या ओतणार आणि मग सगळी त्यांवर तुटून पडणार.

तुमचीही तिकिटं काढून झाली असतील, तर एक प्रश्न विचारते. बाळ किती महिन्यांचं आहे?

सहा ते बारा महिन्यांचं असेल, तर हा लेख तुमच्यासाठीच आहे.

आईची शिदोरी

गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आईच्या रक्तातली प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात. आईला लहानपणी गोवर येऊन गेला असेल किंवा तिने लस घेतली असेल, तर ही शिदोरी बाळाला जन्मतःच मिळते. पण ती पुरवून पुरवून किती पुरणार? काही महिन्यांत ती संपत जाते.

मग सहाव्या महिन्यातच सगळ्यांना लस का देत नाहीत? कारण गोवराची लस म्हणजे जिवंत, पण दुबळा केलेला विषाणू. तो शरीरात थोडा वाढला तरच रोगप्रतिकारशक्तीला धडा मिळतो. आईची प्रतिपिंडं शिल्लक असतील तर ती या विषाणूलाही खऱ्या शत्रूसारखी गाठतात आणि धडा सुरू होण्याआधीच संपवतात. म्हणून नवव्या महिन्यात दिलेली लस साधारण ८५ टक्के बाळांमध्ये काम करते, तर बाराव्या महिन्यानंतर दिलेली सुमारे ९५ टक्के बाळांमध्ये.

आता दोन देशांची वेळापत्रकं शेजारी ठेवा. भारतात लहान बाळांना गोवर होण्याचा धोका जास्त, म्हणून थोडं कमी यश पत्करून पहिली मात्रा ९ व्या महिन्यात देतात आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांत. आयर्लंडमध्ये पहिली एमएमआर १२ व्या महिन्यात जीपीकडे मिळते आणि दुसरी ४-५ वर्षांचं झाल्यावर, ज्युनिअर इन्फंट्समध्ये. दोन्ही देश आपापल्या जागी बरोबर आहेत. अडचण येते ती एका देशाच्या वेळापत्रकावर वाढणाऱ्या आणि दुसऱ्या देशात सुट्टीला जाणाऱ्या बाळाची.

वीस मुलं, एक खोली

गोवर हा माणसाला माहीत असलेल्या सर्वांत संसर्गजन्य आजारांपैकी एक आहे. कुणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या वस्तीत एक रुग्ण १२ ते १८ जणांना तो देऊ शकतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. आणि पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासूनच संसर्ग पसरायला लागतो. म्हणजे बोरनहाणाला आलेल्या एखाद्या मुलाला 'जरा सर्दी-ताप' आहे इतकंच दिसेल. त्यात त्याच्या आईची काही चूक नाही, तिलाही ठाऊक नसतं.

ही जुन्या काळची गोष्ट नाही. २०२२ च्या शरद ऋतूत मुंबईत गोवंडी आणि आसपासच्या वस्त्यांमध्ये गोवराची मोठी साथ आली आणि त्यात लहान मुलं दगावली. तेव्हा साथीच्या भागांत ९ महिन्यांच्या आतल्या बाळांनाही एक जादा मात्रा देण्याचा निर्णय झाला. आयर्लंडही यातून सुटलेला नाही. २००० साली इथे दीड हजारांहून अधिक लोकांना गोवर झाला, डब्लिनमध्ये साथ भडकली आणि ३ मुलं गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये इथे एका प्रौढ व्यक्तीचा गोवराने मृत्यू झाला.

आपल्याकडे गोवराला 'येऊन जाणारा' आजार मानायची सवय आहे. पण त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो, मेंदूला सूज येऊ शकते. शिवाय गोवर रोगप्रतिकारशक्तीची जुनी स्मरणवहीच पुसतो. आधीच्या आजारांशी लढून शिकलेलं शरीर बरंच विसरतं आणि मूल पुढे कितीतरी महिने इतर आजारांना सहज बळी पडतं.

मग काय करायचं?

बोरनहाण रद्द करा असं मी म्हणत नाही. परदेशी निघालेल्या ६ ते ११ महिन्यांच्या बाळांना आयर्लंडमध्ये एमएमआरची एक मात्रा लवकर देता येते. परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून बॅगा भरायला घेण्याआधीच जीपीला फोन करा. मात्र ही मात्रा हिशेबात धरत नाहीत. कारण तुम्हाला आता कळलंच आहे: आईची शिदोरी अजून शिल्लक असू शकते. त्यामुळे १२ व्या महिन्याची एमएमआर, निदान एक महिन्याच्या अंतराने, पुन्हा घ्यायचीच.

हाच नियम भारतातून इथे आलेल्या मुलांनाही लागू होतो. कार्डावर ९ व्या महिन्याची नोंद असेल तरी इथे ती धरली जात नाही. शिवाय भारतातल्या सरकारी लसीकरणात 'एमआर' मिळते, म्हणजे गोवर आणि रुबेला. त्यात गालगुंड नाही. "आमच्या मुलाच्या दोन्ही झाल्यात" असं सांगण्याआधी कार्डावर 'एमआर' लिहिलंय की 'एमएमआर', आणि तारीख पहिल्या वाढदिवसाच्या आधीची की नंतरची, ते बघा. एखादी मात्रा जास्त झाली तर घाबरू नका. प्रतिकारशक्ती आधीच असेल तर शरीर लसीतल्या विषाणूला तिथल्या तिथे संपवतं.

कार्ड काढलंच आहे तर आणखी दोन गोष्टी विचारा. मेंदूज्वराची मेन-बी लस इथे आहे, पण भारताच्या सरकारी यादीत नाही. उलट भारतात जन्मतःच मिळणारी बीसीजी आयर्लंडमध्ये २०१५ पासून नेहमीच्या लसीकरणात दिली जात नाही. बाळाचा भारतात मुक्काम लांबणार असेल तर जीपीशी त्याबद्दल जरूर बोला. बाळाला प्रतिकारशक्तीचा काही आजार असेल, तर जिवंत विषाणूच्या लसीचा निर्णयही डॉक्टरांनाच घेऊ द्या.

२०२१ मध्ये आपल्यापैकी कितीतरी जणांनी सिटीवेस्टच्याच कन्व्हेन्शन सेंटरमध्ये रांगेत उभं राहून कोविडची लस घेतली. तेव्हा तारीख, मात्रा, अंतर सगळं आपल्याला तोंडपाठ होतं. तेवढीच चौकशी आता बाळासाठी करायची आहे. आजीला फोन करून सांगा: दागिने तयार ठेव, आम्ही येतोय. आणि त्याआधी एक फोन जीपीला.